स्वारगेटला उतरणाऱ्या तरुणांनो, एकाच दारापुढे रांग लावू नका!

पदवीचे निकाल लागले की पुण्याच्या स्वारगेट एस.टी. स्थानकावरची गर्दी ओळखू येते. सोलापूर, पंढरपूर, सांगली, कोल्हापूर, फलटण, दहिवडीकडून आलेल्या गाड्यांमधून मुले उतरतात. पाठीवर एक सॅक, हातात पिशवी, पिशवीत आईने बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी, आणि छातीशी धरलेली प्लास्टिकची फाईल. त्या फाईलमध्ये गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला. रिक्षावाल्याला पत्ता विचारावा लागत नाही. सदाशिव पेठ नाहीतर नवी पेठ! अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिसवरची खोली. या मुलांमध्ये आपल्या बौद्ध वस्त्यांमधून आलेल्या मुलामुलींची संख्या लक्षणीय आहे. आजचा हा लेख त्यांच्यासाठी आहे आणि त्यांना गाडीत बसवून देणाऱ्या आईबापांसाठीही आहे.

साहेब होण्याचे हे स्वप्न वाईट आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ते स्वप्न आपल्या समाजाने फार मोठी किंमत मोजून मिळवलेले आहे. याच पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट इंग्लंडच्या सरकारकडे अर्ज पाठवून लष्करात, पोलिसात आणि सरकारी खात्यांत आमच्या माणसांना प्रवेश द्या, अशी मागणी केली होती. स्वारगेटहून मान वर केली की पर्वतीची टेकडी दिसते. त्या पर्वतीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९२९ साली सत्याग्रह झाला, त्यातही हेच कांबळे आघाडीवर होते. म्हणजे देवळाचे दार ठोठावण्याच्या कितीतरी आधी आपल्या माणसांनी नोकरीचे दार ठोठावले होते! पुढे बाबासाहेबांनी राज्यघटनेच्या माध्यमातून ते दार उघडून दिले आणि मोक्याच्या जागा काबीज करण्याची शिकवण दिली. तेव्हा कलेक्टर, डेप्युटी कलेक्टर, फौजदार होण्याची इच्छा हा आपल्या चळवळीचाच वारसा आहे.

प्रश्न इच्छेचा नाही. प्रश्न असा आहे की, संपूर्ण पिढीच्या पिढी एकाच दारापुढे रांग लावून उभी राहिली आहे आणि त्या रांगेत तिची उमेदीची वर्षे संपत आहेत.

आकडे पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १० लाख १६ हजार ८५० उमेदवारांनी अर्ज केले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५ लाख ९२ हजार १४१. मुख्य परीक्षेला पात्र ठरले १४ हजार ६२४. मुलाखतीपर्यंत पोहोचले २ हजार ८५५ आणि अंतिम यादीत आले १ हजार १६. त्यात अनुसूचित जातीचे उमेदवार १६५. हे १६५ संपूर्ण भारतातले, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचे. अर्ज करणाऱ्या हजारात एक, हे या परीक्षेचे गणित आहे. राज्यसेवेच्या परीक्षेत जागा निघतील तेव्हा निघतात, परीक्षा पुढे जाते, निकाल न्यायालयात अडकतो. २०२५ च्या परीक्षेपासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. पर्याय ओळखण्याची तयारी करून बसलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून उत्तरे लिहायला शिकावे लागले. २०२१ च्या जून महिन्यात पुण्यातील एका हुशार तरुणाने परीक्षा उत्तीर्ण होऊनही मुलाखत लांबत गेल्याने निराश होऊन जीवन संपवले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला होता. हळहळ ओसरली. रांग मात्र होती तशीच आहे.

त्यातच खाउजा धोरणाने, म्हणजे खासगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरणाने, दाराच्या आतली खोलीच लहान करत आणली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी नोकरभरतीचा शासन निर्णय काढला होता. तरुणांचा रोष पाहून ऑक्टोबर २०२३ मध्ये तो रद्द करावा लागला, हा संघटित आवाजाचा विजय होता. पण एक निर्णय रद्द झाला म्हणून कंत्राटी पद्धत संपली, या भ्रमात कोणी राहू नये. कायम पदाची जागा ठेकेदाराचा माणूस घेतो, तेव्हा त्या जागेवरचे आरक्षण कोणताही कायदा न बदलता नाहीसे होते. त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. परंतु लढा चालू असताना आपल्या मुलाने उपाशी राहून वाट पाहत बसावे, असे कोणत्याही चळवळीने सांगितलेले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. आपल्या उमेदवारांना वयाची सवलत आहे. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेला अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ३७ वर्षांपर्यंत बसता येते आणि किती वेळा बसावे याला मर्यादा नाही. राज्यसेवेसाठी मागासवर्गीयांना वयोमर्यादा ४३ वर्षांची आहे. ही सवलत का दिली? ज्याची शाळा उशिरा सुरू झाली, ज्याला मध्येच मजुरीला जावे लागले, त्याचे दार वयामुळे बंद होऊ नये म्हणून. ही सवलत म्हणजे ४३ वर्षांपर्यंत खोलीत बसून राहण्याचा आदेश नव्हे! ज्याच्या बापाची शेती आहे, दुकान आहे, तो पंचविसाव्या वर्षी परत फिरू शकतो. आपला मुलगा परत फिरत नाही, कारण परत जाण्यासारखे मागे काही नसते आणि गावात तोंड दाखवायची लाज वाटते. असा मुलगा एकतिशीला येतो तेव्हा त्याच्या हातात पदवी असते आणि मध्ये सात-आठ वर्षांची मोकळी जागा असते. खासगी कंपनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून विचारते, या वर्षांत काय केले? त्याचे उत्तर त्याच्याकडे नसते.

आणि ही वर्षे फुकट जात नाहीत. खोलीचे भाडे, मेस, अभ्यासिका, क्लासची फी, पुस्तके. दर महिन्याला गावाकडून पैसे येतात. ते कोठून येतात? बाप बिगारी करतो, आई दुसऱ्याच्या शेतात खुरपते, आणि कित्येक घरांत धाकट्या बहिणीचे शिक्षण बारावीला थांबते. भाऊ साहेब होणार म्हणून बहिणीने शिक्षण सोडायचे, हे सावित्रीमाईचे नाव घेणाऱ्या घरांत शोभते काय? शिवाय खोली शोधताना आधी आडनाव आणि मग जेवणखाण विचारले जाते, ते वेगळेच. सदाशिव पेठेत राहून समतेवर निबंध लिहिणाऱ्या आपल्या मुलांना हा अनुभव नवा नाही.

मग करायचे काय? परीक्षा द्यायचीच नाही? जरूर द्यायची. पण मुदत ठरवून द्यायची. पदवीनंतर पूर्ण वेळ अभ्यासाची दोन, फार तर तीन वर्षे. ही मुदत आईबापांसमोर बसून, कागदावर तारीख घालून ठरवावी. दोनदा पूर्वपरीक्षाही पार झाली नाही, तर पूर्ण वेळ अभ्यास थांबवून नोकरी धरावी आणि उरलेले प्रयत्न नोकरी करत करावेत. वयाच्या सवलतीचा खरा उपयोग तेथे आहे. पोटाला आधार असलेला माणूस पस्तिसाव्या वर्षीही शांत डोक्याने पेपर लिहितो. दुसरे असे की, वरच्याच पदाचा हट्ट नको. बँक, रेल्वे, टपाल, न्यायालयातील लिपिक, पोलीस, स्टाफ सिलेक्शन यांच्या परीक्षांचा बराचसा अभ्यास सामाईक असतो. आधी आत शिरा, मग वर चढा. बाहेर फुटपाथवर उभे राहून वरच्या मजल्याकडे पाहण्यापेक्षा जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहणे केव्हाही शहाणपणाचे.

या बाबतीत आपल्यापुढे बाबासाहेबांच्या आयुष्याइतके मोठे उदाहरण नाही. आपण त्यांच्या पदव्या मोजतो, पण त्यांनी पोट कसे भरले याकडे आपले लक्ष जात नाही. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. १९१७ साली परत येऊन करारानुसार बडोद्यात नोकरीला लागले, तर राहायला जागा मिळेना आणि पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलण्यात आले. नोकरी सोडून मुंबईला आले. खासगी शिकवण्या केल्या. गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेना. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेतली आणि १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतले आणि त्याच वर्षी डॉक्टर ऑफ सायन्स झाले, तरी वकिली लगेच चालली नाही. अस्पृश्य वकिलाकडे पक्षकार येत नव्हते. म्हणून १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. पुढे शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक आणि १९३५ साली प्राचार्य झाले. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे चवदार तळ्याचे पाणी पेटवणारा महापुरुष त्याच वर्षी पोटासाठी व्यापारी कायद्याचे तास घेत होता!

यातून काय शिकायचे? जगातील सर्वांत शिकलेल्या माणसांपैकी एकाने मिळेल ते प्रामाणिक काम केले, एक काम बंद झाले तर दुसरे धरले, पण प्रत्येक कामाचा उपयोग पुढच्या पायरीसाठी केला. त्यांनी आपले ध्येय बदलले नाही. ध्येयाकडे जाणारी वाट मात्र गरजेप्रमाणे बदलली. आपण नेमके उलटे करतो. वाटेलाच ध्येय समजून बसतो.

आता दुसऱ्या दारांकडे वळू. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि स्वारगेट थेट पिंपरी-चिंचवडला जोडले गेले. एस.टी.तून उतरलेला तरुण वर आला तर पेठांकडे जातो आणि खाली गेला तर कारखान्यांकडे. पण खाली जाणाऱ्याला आपल्या समाजात मान नाही. आय.टी.आय. केलेल्या मुलाचा सत्कार होत नाही. वास्तविक, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातील कलम ३-अ फार थोड्यांना ठाऊक आहे. ठरवून दिलेल्या व्यवसायांमध्ये शिकाऊ उमेदवार घेताना अनुसूचित जाती आणि जमातींसाठी जागा राखून ठेवाव्यात, असे ते कलम मालकाला सांगते. हा कायदा खासगी कारखान्यांनाही लागू आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण द्या, अशी मागणी आपण अनेक वर्षे करत आहोत आणि ती रास्तच आहे. परंतु खासगी कारखान्याच्या दारात जे थोडेसे आधीच कायद्याने दिलेले आहे, ते मागायला कोणी गेले काय? आपल्या भागातील कारखान्याने किती शिकाऊ उमेदवार घेतले आणि त्यात आपले किती, एवढा एक प्रश्न संघटनांनी लेखी विचारला, तरी पुष्कळ मुलांचे काम होईल.

धंद्याचेही तेच. स्वारगेटपासून हाकेच्या अंतरावर गंज पेठेत महात्मा फुले यांचा वाडा आहे. तात्यासाहेबांना आपण समाजसुधारक म्हणून वंदन करतो, पण ते यशस्वी कंत्राटदार आणि व्यापारीही होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी त्यांची होती. शाळा काढणारा हा माणूस सरकारच्या किंवा सावकाराच्या तोंडाकडे पाहत बसला नाही. स्वतः कमावले आणि समाजकार्याला लावले. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, असा प्रश्न होता. शाहू महाराजांनी स्वतः तेथे जाऊन चहा घेतला आणि बरोबरच्या सरदारांनाही पाजला. दलित उद्योजकांची डिक्की ही संघटना पुण्यातच २००५ साली उभी राहिली. केंद्र सरकार आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीपैकी चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करावी, असे धोरण २०१२ पासून आहे. माल देणारा आपला माणूसच नसेल, तर हे चार टक्के कोण उचलणार?

वकिलीकडे येऊ इच्छिणाऱ्यांना दोन शब्द. हा आमचाच व्यवसाय असल्याने फसवे चित्र रंगवणार नाही. पहिली तीन-चार वर्षे मिळकत नगण्य असते. ज्याच्या घरात कोणी वकील नाही, त्याला चांगला सिनिअर मिळणे अवघड असते. तेवढ्या काळाची सोय करूनच यावे. मात्र सनदेसाठी हजारो रुपये मागितले म्हणून कोणी मागे फिरू नये. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालात बजावले आहे की, कायद्यात ठरवलेल्यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क बार कौन्सिलला घेता येणार नाही. ते शुल्क खुल्या वर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे.

आता कागदपत्रांविषयी. निवड झालेल्या मुलाची नोकरी कागदावर अडकते, हे दुःख आम्ही रोजच्या व्यवसायात पाहतो. धम्मदीक्षेनंतर आपल्या पूर्वजांनी अभिमानाने मुलांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ एवढेच लिहिले. १९५६ नंतर केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळत नव्हत्या. १९९० साली कायदा दुरुस्त झाला आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना त्या मिळू लागल्या. परंतु त्यासाठी मूळ जात सिद्ध करावी लागते. जो शब्द आजोबांनी चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या साक्षीने टाकून दिला, तोच नातवाला कागदावर शोधावा लागतो, हे मनाला लागते. पण कायद्याच्या दारात भावना चालत नाही, पुरावा चालतो. १९०० पासून नव्हे, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, गाव कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, महार वतनाचे जुने कागद, असे काही ना काही शोधल्यास मिळते. वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कोणाला जात वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल, तर त्याची प्रत आधी मिळवावी. जात खरी असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी महाराष्ट्राच्या कायद्याने अर्जदारावरच टाकली आहे. म्हणून नोकरी लागेपर्यंत थांबू नका. बारावीतच पडताळणी करून घ्या. राज्याच्या नमुन्यातील आणि केंद्राच्या नमुन्यातील असे दोन्ही दाखले काढून ठेवा. नावातली वेलांटी-उकार आणि जन्मतारीख सर्व कागदांवर एकसारखी करून घ्या. आणि हेही लक्षात असू द्या की, महाराष्ट्राच्या दाखल्यावर कर्नाटक किंवा तेलंगणाच्या राज्य सरकारी नोकरीत आरक्षण मिळत नाही.

शिकत असलेल्यांनी पैशाअभावी शिक्षण सोडण्यापूर्वी समाजकल्याण कार्यालयाची पायरी चढावी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. पुण्यातच बार्टी ही संस्था आहे. पैसे वेळेवर येत नाहीत, ही तक्रार खरी आहे आणि त्यासाठी भांडावे लागते. पण ज्याने अर्जच केला नाही, त्याच्यासाठी कोणी भांडू शकत नाही.

पहिली खासगी नोकरी लागली की आनंदाच्या भरात मुले पुढे येईल त्या कागदावर सही करतात. सही करण्यापूर्वी वाचा. समजले नाही तर वाचून घ्या. नियुक्तिपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या असून प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले आहे. त्या संहितांमधील युनियनविरोधी तरतुदींवर आमचे मतभेद आहेत, पण हाती आलेला हक्क सोडू नये. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नका. दाखवा आणि परत घ्या. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल, तर तो खात्यात जमा होतो की नाही हे मोबाईलवर तपासा. बाँड असेल तर किती वर्षांचा आणि किती रकमेचा हे पाहा. बाँड म्हणजे वेठबिगारी नव्हे, तसेच बाँड म्हणजे नुसता रद्दी कागदही नव्हे. ठरलेल्या मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची एका बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली आहे. आणि नोकरी लावून देतो म्हणून जो पैसे मागतो, तो नोकरी लावणारा नसतो, फसवणारा असतो. त्याला पैसे देण्यासाठी आईचे मणीमंगळसूत्र मोडू नका. सरळ पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

मुलींच्या बाबतीत थोडे अधिक. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे याच स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. त्यानंतर गावोगावच्या घरांत एकच चर्चा झाली, पोरीला पुण्याला पाठवायचे कशाला? आमचे म्हणणे उलट आहे. स्थानक सुरक्षित करणे ही सरकारची जबाबदारी आहे. त्याची शिक्षा मुलीच्या शिक्षणाला का? दिवसाच्या गाडीने पाठवा, उतरल्यावर ओळखीचे कोणी घ्यायला येईल अशी व्यवस्था करा, पण पाठवा. कामाच्या ठिकाणी त्रास झाला, तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती असलीच पाहिजे. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी करावी लागते. हे मुलीला घरातून निघतानाच सांगावे, प्रसंग घडल्यावर नव्हे.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान दिले, हे किती अर्थपूर्ण आहे! चरितार्थ हा धम्माबाहेरचा विषय नाही. व्यग्घपज्ज सुत्तात गृहस्थाच्या ऐहिक सुखासाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत. उद्योगी आणि कामात कुशल असणे, कमावलेले सांभाळणे, चांगल्या मित्रांची संगत धरणे आणि मिळकत पाहून खर्च करणे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजच्या पहिल्या पगाराला जसाच्या तसा लागू पडतो. पहिला पगार झाला की हप्त्यावर मोटारसायकल, दुसऱ्या महिन्यात महागडा मोबाईल, आणि तिसऱ्या महिन्यात मालकाने अपमान केला तरी नोकरी सोडता येत नाही, कारण हप्ते चालू आहेत! सहा महिन्यांचा खर्च ज्याच्या बँकेत शिल्लक आहे, तोच मालकासमोर ताठ मानेने उभा राहू शकतो. स्वाभिमानालाही शिल्लक लागते.

शेवटी समाजाच्या जबाबदारीविषयी. निकाल लागला की आपण यशस्वी झालेल्या एकाचा सत्कार करतो. शाल, बुके, बॅनर. आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याच अभ्यासिकेतून नापास होऊन बाहेर पडलेल्या नव्व्याण्णवांची चौकशी कोण करतो? १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी खंत व्यक्त केली, तिची आठवण आपण भाषणांतून तरुणांना देत असतो. ती खंत प्रथम आपल्यासारख्या स्थिरावलेल्यांसाठी आहे. ज्याला अजून पहिली नोकरी लागायची आहे, त्याला समाजाचे ऋण फेडायला सांगण्याआधी उभे राहायला मदत करणे हे आपले काम आहे.

त्यासाठी मोठा निधी नको, इमारत नको. प्रत्येक बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर दोन तास एक टेबल मांडा. वस्तीतला एक वकील, एक बँकेतला माणूस, एक शिक्षक, एक कारखान्यातला फोरमन आणि एक छोटा व्यावसायिक, यांपैकी जो मोकळा असेल त्याने तेथे बसावे. मुलांचे अर्ज तपासावेत, जातीचे पुरावे कोठे मिळतील ते सांगावे, नियुक्तिपत्र वाचून द्यावे, कोणत्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारांची भरती आहे ते फळ्यावर लिहावे. जो तीन वर्षे प्रयत्न करून थकला आहे, त्याला हा पराभव नाही हे त्याच्या आईबापांसमोर सांगावे. तो शब्द घरच्यांच्या आधी समाजाने उच्चारला, तर त्या मुलाला गावाकडची एस.टी. पकडायला लाज वाटणार नाही आणि पुण्यात राहून दुसरे काम धरायलाही कमीपणा वाटणार नाही.

तरुण मित्रांनो, तुम्ही साहेब व्हा, हीच आमची इच्छा आहे. नाही झालात, तर कुशल कारागीर व्हा, व्यापारी व्हा, शिक्षक व्हा, परिचारिका व्हा, वकील व्हा. बाबासाहेबांनी दिलेला मान पदाला नाही, माणसाला आहे. स्वारगेटला उतरताना फाईलमध्ये प्रमाणपत्रांबरोबर आणखी दोन कागद ठेवा. एकावर पूर्ण वेळ अभ्यासाची शेवटची तारीख आणि दुसऱ्यावर त्यानंतर धरायच्या कामाचे नाव. हे दोन कागद ज्याच्याकडे आहेत, त्याला कोणतीही परीक्षा उद्ध्वस्त करू शकत नाही.

जयभीम!